नवी आवृत्ति आणि जुनें यंत्र

कोणत्याहि सुधारणेची वार्ता प्रथम कानीं पडते, तेव्हां ती केव्हां येणार, हाच प्रश्न बहुधा सर्वांच्या तोंडीं असतो. ती आपल्याजवळ जें आहे त्याच्याशीं जुळेल कीं नाहीं, हा दुसरा प्रश्न मागाहून सुचतो. आणि पुष्कळ वेळां तो सुचतो तेव्हां उशीर झालेला असतो. संगणकाच्या बाबतींत तर हा नित्याचा अनुभव आहे. संगणकास काम सांगणाऱ्या आज्ञांच्या संचास सर्वत्र सॉफ्टवेअर असें म्हणतात. त्याची नवी आवृत्ति निघणार अशी घोषणा होते. परंतु ती कोणत्या यंत्रावर चालेल, कोणत्या जुन्या फायली उघडील, कोणता प्रिंटर ओळखील, हा तपशील पाठीमागून, थोडा थोडा करून बाहेर येतो. मधला काळ वाट पाहण्याचा असतो. हा काळ कसा घालवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या मतें ही वाट पाहणें म्हणजे स्वस्थ बसणें नव्हे. जुळेल कीं नाहीं या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग सॉफ्टवेअर करणारांजवळ असतो. उरलेला अर्धा आपल्याच कपाटांत असतो, आणि तो शोधून ठेवण्यासाठींच हा अवकाश मिळालेला असतो.

जुळणी म्हणजे काय?

जुळणी हा शब्द समजून घेण्यास आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील वाचकांस दूर जाण्याचें कारण नाहीं. बार्शी लाइट रेल्वे वडीलधाऱ्या मंडळींनीं डोळ्यांनीं पाहिलेली आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें आंखलेला हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग इ. स. १८९७ मध्यें प्रथम बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, आणि बार्शी यांच्या दरम्यान सुरू झाला. पुढें एका अंगास तो आमच्या जिल्ह्यांतून १९११ सालीं लातुरास पोंचला व दुसऱ्या अंगास पंढरपुरावरून १९२७ सालीं मिरजेस पोंचला. परंतु कुर्डुवाडीस जो मोठा लोहमार्ग होता त्याची रुंदी साडेपांच फूट. दोन्ही लोहमार्गच, दोन्हींवर आगगाडीच, आणि दोन्हींचा उद्देशहि एकच. तथापि एकावरचा डबा दुसऱ्यावर चढत नसे. लातूरच्या बाजूनें आलेलें पोतें पुढें जावयाचें असल्यास तें कुर्डुवाडीस उतरवून दुसऱ्या गाडींत भरावें लागे. दोन वस्तु स्वतंत्रपणें निर्दोष असूनहि एकत्र चालत नाहींत, तेव्हां त्यांची जुळणी नाहीं असें म्हणावयाचें. यांत दोष एकीचा नसतो. दोष दोहोंमधील सांध्याचा असतो.

कॅल्थ्रॉपनें एक गोष्ट मात्र मोठ्या दूरदृष्टीनें केली होती. कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडावयाचा नाहीं, अशी मर्यादा त्यानें आरंभींच ठरविली आणि रूळ, डबे व इंजिनें हीं सर्व त्या एका मर्यादेस धरून केलीं. मर्यादा आधीं ठरलेली व सर्वांस ठाऊक असली, म्हणजे कोणता डबा चालेल याविषयीं तर्क करीत बसावें लागत नाहीं. मोजून पाहिलें कीं काम झालें.

याच मार्गाचें रुंदीकरण झालें, तेव्हां लातूर ते धाराशिव हा भाग २००७ सालीं व धाराशिव ते कुर्डुवाडी हा भाग २००८ सालीं सुरू झाला. जुनी वाट येडशीवरून जात होती व जिल्ह्याचें मुख्य शहर बाजूस राहिलें होतें. नवी वाट शहरापाशीं आली. लाभ मोठा झाला यांत शंका नाहीं. परंतु अरुंद मार्गाचीं इंजिनें व डबे त्या नव्या रुळांवर एक हातहि चालण्यासारखे नव्हते. सुधारणेचें हें असेंच आहे: ती कांहीं देते व कांहीं मागते. ती काय मागणार, हें आधीं सांगणाऱ्या कागदासच जुळणीचा तपशील म्हणतात.

संगणकांतील चार सांधे

संगणकांत असे सांधे मुख्यतः चार असतात. पहिला सांधा प्रत्यक्ष यंत्र आणि तें चालविणारी मूळ प्रणाली यांमधील. या प्रणालीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज व लिनक्स हीं तिचीं परिचित उदाहरणें होत. यंत्राचा प्रोसेसर, त्याची स्मृति व साठवणीची जागा हीं तिला पुरेशीं असावीं लागतात.

दुसरा सांधा प्रणाली व जोडलेलीं उपकरणें यांमधील. प्रिंटर व स्कॅनर यांची भाषा प्रणालीस समजावून देणारा एक लहान दुभाषी असतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटर उत्तम स्थितींत असला, परंतु नव्या प्रणालीसाठीं त्याचा ड्रायव्हर कोणीं केलाच नाहीं, तर तो प्रिंटर टेबलावर मुकाट बसून राहतो.

तिसरा सांधा प्रणाली व कामाचें सॉफ्टवेअर यांमधील. हिशेबाचें किंवा निकालपत्रकाचें एखादें जुनें सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर उघडेल असा भरंवसा नसतो. उदाहरणार्थ, १६ बिटांच्या काळांत लिहिलेलें सॉफ्टवेअर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीं. ३२ बिटांचें मात्र बहुतेक चालतें. बिट म्हणजे यंत्र एका घासांत किती अंक उचलतें त्याचें माप, एवढें येथें समजलें तरी पुरे.

चौथा सांधा सॉफ्टवेअर व आपल्या फायली यांमधील. हा सर्वांत नाजूक होय. यंत्र बिघडलें तर दुसरें घेतां येतें, सॉफ्टवेअर पुन्हां घालतां येतें. परंतु वीस वर्षांपूर्वीं टंकलेला मजकूर एकदां वाचतां येईनासा झाला, तर तो कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.

इ. स. २०२१ ची प्रतीक्षा

आतां प्रत्यक्ष घडलेलें एक उदाहरण पाहूं. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीनें विंडोज ११ ची घोषणा २४ जून २०२१ रोजीं केली. ती प्रणाली लोकांच्या हातीं ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं आली. मधल्या तीन महिन्यांहून अधिक काळांत जगांतील असंख्य लोक एकाच गोष्टीची वाट पाहत होते: आपलें यंत्र या नव्या प्रणालीस चालेल काय?

आवश्यकता जाहीर झाल्या होत्या. ६४ बिटांचा व निदान दोन गाभ्यांचा प्रोसेसर, ४ जीबी स्मृति, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सोय. टीपीएम म्हणजे यंत्राच्या गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी व्यवस्था. कंपनीनें तपासणीसाठीं पीसी हेल्थ चेक नांवाचें एक साधनहि दिलें. परंतु तें साधन यंत्र चालणार नाहीं एवढेंच सांगे. कां चालणार नाहीं, हें सांगत नसे. लोकांचा गोंधळ उडाला आणि थोड्याच दिवसांत तें साधन कंपनीनें परत घेतलें. पुढें ऑगस्टमध्यें प्रोसेसरांच्या यादींत थोडी भर पडली. तरी इंटेल कंपनीच्या आठव्या पिढीच्या पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर यादीच्या बाहेरच राहिले. २०१७ सालापूर्वीं ज्यांनीं यंत्रें घेतलीं होतीं, त्यांस याचा अर्थ काय तो लगेच कळला.

या प्रकरणांतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, "नाहीं" या उत्तराचे प्रकार असतात. पुष्कळ यंत्रांत टीपीएमची सोय होती, परंतु ती बंद ठेवलेली होती. तपासणीचें साधन नापास म्हणे. यंत्राच्या मूळ मांडणींत जाऊन ती सोय सुरू केली कीं तेंच यंत्र त्या कसोटीस उतरे. ज्यास आपल्या यंत्राची माहिती होती त्यानें खर्च वांचविला. ज्यास नव्हती त्यास विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावें लागलें.

दुसरी गोष्ट ही कीं, चालणें आणि आधार मिळणें हीं दोन भिन्न आहेत. यादींत नसलेल्या यंत्रावरहि खटपट करून विंडोज ११ घालतां येते. परंतु अशा यंत्रास पुढील सुधारणा मिळण्याचा हक्क राहणार नाहीं, असें कंपनीनें स्पष्ट सांगितलें होतें. पुलावरून गाडी एकदां गेली म्हणजे पूल तिच्यासाठीं बांधला आहे असें होत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विंडोज १० ही आधींची प्रणाली २०१५ सालीं निघाली होती, आणि तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत चालेल हें आधींपासून जाहीर होतें. म्हणजे ज्यांनीं २०२१ मध्यें घाई न करितां पूर्ण तपशिलाची वाट पाहिली, त्यांचें कांहींहि बिघडलें नाहीं. त्यांस चार वर्षें मिळालीं. परंतु जे त्या चार वर्षांत प्रश्नच विसरून गेले, त्यांस तो ऑक्टोबर अचानक आल्यासारखा वाटला. घरगुती वापर करणारांसाठीं केवळ सुरक्षेपुरती आणखी एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मुदत तेव्हां ठेवण्यांत आली. तीहि मुदतच होती, मुक्ति नव्हे. वाट पाहणें व टाळणें हीं बाहेरून सारखीं दिसतात. वाट पाहणारास आपण कशाची व कोणत्या दिवसापर्यंत वाट पाहत आहों हें ठाऊक असतें. टाळणारास तें ठाऊक नसतें. दोहोंमधील भेद एवढाच आहे.

मराठी अक्षरांचा प्रश्न

वर सांगितलेला चौथा सांधा मराठी लिहिणारांस विशेष जाचक झाला आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करितों. संगणक अक्षर ओळखीत नाहीं, अंक ओळखतो. प्रत्येक अक्षरास एक अंक दिलेला असतो. आरंभींच्या मराठी फॉन्टांत असें केलेलें असे कीं, इंग्रजी अक्षरांसाठीं राखलेल्या अंकांवरच देवनागरी आकार बसवीत. ज्या यंत्रांत तो फॉन्ट असे तेथें मजकूर शुद्ध मराठी दिसे. ज्यांत नसे तेथें इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग दिसे. शिवाय एका फॉन्टाची मांडणी दुसऱ्याशीं जुळत नसे.

यावर उपाय म्हणून भारतीय लिप्यांसाठीं एक समान मानक १९९१ सालीं ठरलें, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोड या जागतिक संकेताच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस १२८ स्थानें मिळालीं. आतां प्रत्येक देवनागरी अक्षराचा अंक जगभर एकच आहे. तरीहि जुना साठा आपोआप बदलत नाहीं. जुन्या फॉन्टांत टंकलेले वार्षिक अंक, हजेरीपत्रकें, स्मरणिका व प्रश्नपत्रिका अनेक संस्थांच्या यंत्रांत तशाच पडून आहेत. जुनें यंत्र चालू आहे तोंवर त्या दिसतात. तें काढून टाकलें कीं फॉन्टहि गेला व मजकूरहि गेल्यासारखाच.

हा मजकूर युनिकोडमध्यें आणणारीं साधनें आहेत. परंतु त्यांनीं दिलेलें रूप डोळे मिटून स्वीकारूं नये. रफार व जोडाक्षरें यांत चुका होतात. मराठींत दर्या म्हणजे समुद्र व दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. आचार्यांना व आचाऱ्यांना या दोहोंत तर मठ आणि मुदपाकखाना एवढें अंतर आहे. यंत्रास तें अंतर कळत नाहीं. म्हणून बदललेला प्रत्येक कागद मराठी जाणणाऱ्या माणसानें मूळ प्रतीशीं ताडून पाहिला पाहिजे.

नवें चिन्ह ठरलें तरी तें यंत्रांत पोंचण्यास वेळ लागतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. रुपयाचें आजचें चिन्ह भारत सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें व त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें त्यास युनिकोडांत स्थान मिळालें. तरी ज्या यंत्रांतील फॉन्ट जुने राहिले, तेथें त्या चिन्हाच्या जागीं रिकामा चौकोन दिसे. लिहिणाराची चूक नव्हती, वाचणाराचीहि नव्हती. चूक सांध्याची होती.

आपल्या जिल्ह्याच्या नांवाचें उदाहरण

२०२३ सालीं आपल्या जिल्ह्याचें अधिकृत नांव उस्मानाबाद याऐवजीं धाराशिव असें झालें. हें गांव तें गांवच, एवढें माणसास एकदां सांगितलें कीं पुरें होतें. यंत्रास मात्र हीं दोन अगदीं भिन्न नांवें होत. एखाद्या यादींत निम्म्या विद्यार्थ्यांचा जिल्हा जुन्या नांवानें व निम्म्यांचा नव्या नांवानें लिहिलेला असला, तर मोजणी मागतांच यंत्र दोन जिल्हे दाखवील. जुन्या दाखल्यावर जुनें नांव व नव्या अर्जांत नवें नांव, अशा वेळीं दोहोंचा संबंध लिहून ठेवणें हें माणसाचेंच काम आहे.

रेल्वे स्थानकाचें नांव २०२५ सालीं बदललें. तिकिटांच्या यंत्रणेंत स्थानकाचें संक्षिप्त चिन्ह यूएमडी होतें, तें डीआरएसव्ही झालें. हा एक शब्द व चार अक्षरें फिरविण्यासाठीं मुंबईची आरक्षण-व्यवस्था ३१ मेच्या रात्रीं पावणेबारा वाजल्यापासून दीड वाजेपर्यंत, म्हणजे पावणेदोन तास, बंद राहील असें मध्य रेल्वेनें आधींच जाहीर केलें होतें. आम्हांस ही सूचना नमुनेदार वाटते. काय बदलणार, केव्हां बदलणार, तोंपर्यंत काय बंद राहणार आणि बदलानंतर कोणतें चिन्ह वापरावें, हीं चारहि उत्तरें तींत होतीं. कोणत्याहि नव्या आवृत्तीच्या सूचनेंत याच चार गोष्टी शोधाव्या. ज्या नसतील त्या विचाराव्या.

वाट पाहण्याच्या काळांतील कामें

आमच्या भागांतील शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो; पण तो हात जोडून आभाळाकडे पाहत बसत नाहीं. नांगरट झालेली असते, कुळवाच्या पाळ्या दिलेल्या असतात, बियाणें निवडून ठेवलेलें असतें. पाऊस त्याच्या हातीं नाहीं, शेत मात्र त्याच्या हातीं आहे. पाऊस आल्यावर जो बियाणें शोधूं लागतो त्याची वाफ हुकते. आमच्या विद्यार्थ्यांनीं, व ज्यांच्या हातीं संस्थेचे संगणक आहेत त्यांनीं, हाच धडा गिरवावा. त्यासाठीं पुढील कामें सुचवितों.

(१) आपल्या यंत्रांची यादी करावी. प्रत्येक यंत्राचा प्रोसेसर कोणता, स्मृति किती, साठवण किती, प्रणालीची आवृत्ति कोणती, प्रिंटरचा नमुना कोणता, हें एका वहींत लिहावें. दोन विद्यार्थी एका दुपारीं संगणक-खोलींतील सर्व यंत्रांची यादी सहज करतील.

(२) ज्या सॉफ्टवेअरवांचून काम अडतें तीं वेगळीं लिहावीं, आणि त्यांपुढें तीं कोणीं केलीं व त्यांची आवृत्ति कोणती हेंहि नोंदावें. पुष्कळदां प्रणाली जुळते, पण एकच निरुपायाचें सॉफ्टवेअर जुळत नाहीं, व सर्व योजना तेथें अडते.

(३) फायलींच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. एक त्या यंत्राच्या बाहेर असावी. जुन्या फॉन्टांतील मजकुराची मूळ प्रत, युनिकोड प्रत व कागदावरील छापील प्रत अशा तीन प्रती असल्यास उत्तम. प्रत ठेवली एवढ्यावर न थांबतां ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

(४) तपशील मूळ करणारांच्या अधिकृत पत्रकांतच वाचावा, व वाचला ती तारीख टिपून ठेवावी, कारण यादी बदलते. किमान आवश्यकता व शिफारस यांतील भेद पाहावा. किमान म्हणजे यंत्र कसेंबसें चालेल. सुखानें चालेल असा त्याचा अर्थ नाहीं.

(५) नवी आवृत्ति प्रथम एकाच यंत्रावर घालून पाहावी, आणि परतीचा मार्ग आधीं समजून घ्यावा. विंडोज १० वरून ११ वर गेल्यास जुन्या प्रणालीवर परत येण्यासाठीं साधारणतः १० दिवस मिळतात. ते दहा दिवस खऱ्या कामानें परीक्षा घेण्यांत घालवावे. दहावीचे अर्ज भरण्याच्या किंवा निकाल लावण्याच्या दिवसांत असे प्रयोग कदापि करूं नयेत.

(६) जें यंत्र जुळत नाहीं तें लगेच भंगारांत काढूं नये. आमचा जिल्हा केंद्र सरकारनें आकांक्षित जिल्ह्यांत गणलेला आहे. येथें नवें यंत्र घेण्यास पैसा सहज उभा राहत नाहीं. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली जुन्या यंत्रावर पुष्कळदां चांगली चालते. केरळांतील सरकारी शाळांनीं तर आपलें संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवरच उभारलेलें आहे. परंतु तेथेंहि प्रिंटर, मराठी टंकलेखन व रोजचें सॉफ्टवेअर यांची जुळणी पाहावीच लागते. फुकट मिळालें म्हणून सांधा आपोआप बसत नाहीं.

हीं सहा कामें झालेलीं असलीं म्हणजे नव्या आवृत्तीचा तपशील प्रसिद्ध होतांच एका हातांत तो व एका हातांत आपली वही घेऊन अर्ध्या तासांत निर्णय करतां येतो. वही नसली, तर तोच तपशील कितीहि स्पष्ट असला तरी आपणांस त्याचा उपयोग नाहीं. कारण पलीकडच्या रुळाची रुंदी कळली तरी आपल्या डब्याची कोणीं मोजलेली नसते.

नवें तें सर्व घ्यावें असें आम्ही म्हणत नाहीं, व जुनें तें सर्व जपावें असेंहि म्हणत नाहीं. यंत्रें येतील व जातील. परंतु यंत्रांत जें ठेवलेलें आहे, विद्यार्थ्याचें श्रमानें लिहिलेलें टिपण, एखाद्या गांवच्या मुलांचीं नांवें असलेलें हजेरीपत्रक, आपल्या भाषेंत छापलेला एखादा लेख, तें एका आवृत्तींतून दुसऱ्या आवृत्तींत सुखरूप नेणें ही माणसाची जबाबदारी आहे. सॉफ्टवेअर करणारा दूरच्या देशांत असतो. त्यास आपलें हजेरीपत्रक ठाऊक नाहीं. तें आपणांस ठाऊक आहे. म्हणून पुढील सुधारणेची घोषणा ऐकूं येईल, त्या दिवशीं आमच्या विद्यार्थ्यांनीं "केव्हां येणार?" हें अवश्य विचारावें, परंतु त्याच दिवशीं वही उघडून "आपल्याजवळ काय आहे?" हेंहि लिहावयास लागावें.